युजरला वैताग आणणारं फीचर टीममध्येच कसं अडवायचं

अ‍ॅपमध्ये डोक्यात जाणारा पॉपअप दिसला की आधी विचारा, हा कोणाच्या अप्रेजलमध्ये जाणार आहे? युजरला छळायचं म्हणून कोणी ऑफिसला येत नाही हो, पण नोटिफिकेशनवाल्या टीमला रोजचे अ‍ॅक्टिव्ह युजर वाढवायचेत, सबस्क्रिप्शनवाल्यांना कॅन्सल करणारे कमी करायचेत, आणि युजर वैतागला का हा रकाना दोघांच्याही टार्गेटमध्ये नसतो, मग जे व्हायचं तेच होतं.

'नाही'च्या जागी 'आत्ता नको' असं बटण असतं ना, ते घ्या. नाही म्हटलेलं एकदा सेव्ह केलं की त्या माणसाला पुढच्या महिन्यात परत विचारता येत नाही, विचारायला माणसं कमी म्हणजे आकडा कमी, म्हणून नाही म्हणायची सोयच काढून टाकायची. डिझायनरला कळत नाही असं थोडंच आहे, पण भांडून त्याला मिळतं काय?

त्यामुळे मीटिंगमध्ये नुसतं 'हे बरोबर वाटत नाही' म्हणू नका, आकड्यासमोर आकडाच ठेवा. नोटिफिकेशनवरचे क्लिक मोजताय ना, मग किती जणांनी नोटिफिकेशन बंदच करून टाकली तेही त्याच डॅशबोर्डवर शेजारी लावा. कॅन्सलेशन घटलं म्हणून टाळ्या वाजवण्याआधी रिफंड मागणारे किती वाढले ते बघा. आणि ए/बी टेस्टवर (काही युजर्सना एक, बाकीच्यांना दुसरं दाखवून तुलना करायची) फार भरवसा नको, दोन आठवड्यांत क्लिक दिसतात पण वैतागलेला माणूस सावकाश सोडून जातो, तोवर फीचरवाल्याचं प्रमोशन होऊन तो दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो! म्हणून थोड्या युजर्सना ते फीचर काही महिने दाखवूच नका आणि मग दोन्ही गट ताडून बघा. सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि नेमका हिचाच सगळ्यांना कंटाळा.

मॅनेजर ऐकेना तर अ‍ॅमेझॉनचं सांगा. प्राइम कॅन्सल करायच्या प्रोसेसला कंपनीत 'इलियड' म्हणायचे, होमरच्या त्या लांबलचक महाकाव्यावरून, असं अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ च्या दाव्यात म्हटलं होतं (लोकांच्या गळ्यात नकळत मेंबरशिप मारल्याचाही आरोप होताच). २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर प्रकरण मिटलं. पैशाची भाषा वरच्यांना लगेच समजते.

तुम्हीच लीड असाल तर काम सोपंय. पॉपअप टाकणाऱ्याला क्रेडिट मिळतं आणि काढणाऱ्याला आकडा का पडला याचं उत्तर द्यावं लागतं, हे उलटं करा. अप्रेजलमध्ये 'काय काढलं' हेही विचारा, आणि नवा पॉपअप मंजूर करतानाच तो काढायची तारीख तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, टाकून घ्या, तारीख उलटल्यावरही ठेवायचा असेल तर ज्याला हवाय त्याने कारण लिहून द्यावं.