सीमेपलीकडे जाणाऱ्या नदीचा पाणीकरार कसा बांधावा

पाणीवाटपाच्या वाटाघाटीत दोन्ही बाजू पहिल्याच बैठकीत टक्केवारी मांडतात आणि तिथेच गाडी रुतते. नदीत पाणी किती, ते कुठे मोजायचे, कोणी मोजायचे हे ठरले नसताना ६०-४० की ५०-५० यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडता येते. म्हणून क्रम उलटा धरा: आधी मोजमाप, मग टंचाईचा नियम, आणि त्यानंतर वाटपाचे आकडे.

मोजणी

सीमेजवळ अशी जागा निवडा जिथे पात्र सरळ आहे, काठ पक्के आहेत आणि खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा पोचत नाही. फुगवट्यामुळे विसर्ग तेवढाच असताना पातळी चढते आणि नदीत नसलेले पाणी कागदावर दिसू लागते. पात्राचे २० ते २५ उभे भाग पाडा. एकाही भागातून एकूण विसर्गाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी जाता कामा नये. प्रत्येक भागात करंट मीटरने वेग घ्या: उथळ पाण्यात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर एकदा, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ पटीवर दोनदा घेऊन सरासरी काढा. भाग २ मीटर रुंद, १.५ मीटर खोल आणि वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर त्यातून सेकंदाला २.४ घनमीटर, म्हणजे सुमारे ८५ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी जाते. सगळ्या भागांची बेरीज केली की नदीचा विसर्ग मिळतो.

हा खटाटोप रोज परवडत नाही. म्हणून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बनवून रोज फक्त पातळी वाचतात. पुराने तळ खरवडला किंवा गाळ बसला की हाच आलेख दगा देतो. प्रत्येक मोठ्या पुरानंतर किती दिवसांत संयुक्त मोजणी व्हायची, आणि नवा आलेख तयार झाल्यावर मधल्या दिवसांचा हिशेब कसा दुरुस्त करायचा, हे करारातच लिहा. नोंदवही एकच ठेवा, तिच्यावर दोन्ही देशांच्या सह्या घ्या. दोन वह्या ठेवल्या की दोन नद्या तयार होतात.

चुकीची मर्यादाही आधीच ठरवा. ५ टक्के फरक ऐकायला किरकोळ वाटतो. ७०,००० क्युसेकवर तो ३,५०० क्युसेक होतो, आणि तेवढ्यावर ‘आमचे पाणी चोरले’ असा गदारोळ उठू शकतो.

जुन्या नोंदी कुठल्या धरायच्या

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचे आंतरराज्य वाटप १९२२ मध्ये झाले. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील ते एक एकर-फूट पाणी). आधार होता तो नेमक्या ओल्या वर्षांच्या नोंदींचा. पुढे १९४४ च्या तहात मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे १.८५ अब्ज घनमीटर, कबूल झाले. नदीची दीर्घकालीन सरासरी या बेरजेपेक्षा कमी आहे. हा ओव्हरड्राफ्ट आजतागायत फिटलेला नाही.

तेव्हा किमान ३० वर्षांची मालिका घ्या आणि सरासरीवर विसंबू नका. ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळणारे पाणी किती, आणि सलग तीन कोरडी वर्षे आली तेव्हा किती होते, हे दोन आकडे सरासरीपेक्षा जास्त कामाचे.

सूत्र: कोरड्या दिवसांसाठी

भारत-बांगलादेश गंगा करार १२ डिसेंबर १९९६ चा. तो १ जानेवारी ते ३१ मे या काळात गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यापाशी लागू होतो आणि हिशेब दहा-दहा दिवसांचा असतो. पाणी ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला.

आकडे घालून पाहा. ६०,००० ला ३०-३० हजार. ७२,००० ला बांगलादेश ३५, भारत ३७. ८०,००० ला ४०-४०. खरी कारागिरी सांध्यांवर आहे. ७०,००० ला दोन्ही नियमांनी ३५-३५ येतात, ७५,००० लाही दोन्ही नियमांचे उत्तर एकच. उंबरठ्यावर उडी नसल्यामुळे शे-दोनशे क्युसेकसाठी मोजणीत खेचाखेच करण्यात कोणाचा फायदा नाही. तुमचे सूत्र लिहून झाले की प्रत्येक उंबरठा असाच तपासा.

अवघड भाग पुढे आहे. ११ मार्च ते १० मे दरम्यान दहा-दहा दिवसांच्या पाळीने, आलटून-पालटून, एकेका देशाला ३५,००० क्युसेकची हमी आहे. प्रवाह ५५,००० वर आला तर ज्याची पाळी त्याला ३५,००० आणि दुसऱ्याला २०,०००. टोचते, पण दहा दिवसांत पाळी फिरते म्हणून सोसले जाते. ५०,००० च्या खाली गेल्यावर मात्र दोन्ही सरकारांनी तातडीने चर्चा करायची, एवढेच लिहिले आहे. आमच्या मते ही पळवाट आहे. सर्वांत वाईट दहा दिवसांसाठी सूत्र हवे, चर्चा नको. पाणी आटत असताना बैठकीची तारीख ठरत नाही. या कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतचीच आहे.

पाण्याची प्रतही सूत्रात घाला. कोलोरॅडोच्या १९४४ च्या तहात क्षारांची मर्यादा नव्हती. १९६१ पासून ॲरिझोनातल्या शेतांचे खारट निचऱ्याचे पाणी नदीत येऊ लागले. मेक्सिकोला कबूल केलेले घनफळ मिळत होते, पण पिके जळत होती. तोडगा निघायला १९७३ उजाडले. तो निघाला दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाच्या ‘मिनिट’ने, म्हणजे मूळ तह न उघडता केलेल्या पूरक ठरावाने. अशी दुरुस्तीची खिडकी ठेवाच.

वरच्या देशाला काय मिळणार

वरच्या देशाने पाणी अडवले तर त्याला वीज मिळते. सोडले तर काय? हे उत्तर नसलेला करार सद्भावनेवर चालतो आणि ती सरकारागणिक बदलते. कॅनडातून अमेरिकेत जाणाऱ्या कोलंबिया नदीच्या १९६१ च्या तहात कॅनडाने तीन धरणे बांधली. अमेरिकेने पूरनियंत्रणापोटी ६ कोटी ४४ लाख डॉलर दिले आणि खाली वाढलेल्या विजेतला निम्मा वाटा कॅनडाचा ठरला. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवर तर मनंताली आणि दियामा ही धरणेच सामाईक मालकीची आहेत.

पूर्वसूचना आणि वाद

१९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह करारात, जो २०१४ मध्ये लागू झाला, नव्या प्रकल्पाच्या सूचनेला उत्तर द्यायला सहा महिने आहेत. हे सहा महिने कधीपासून मोजायचे यावरच भांडण होते. आराखडा, साठवण, दरवाजांची पातळी आणि भरण्याचे वेळापत्रक असे पूर्ण दस्तऐवज पोचल्याच्या दिवसापासून मोजा, आणि ते संपेपर्यंत बांधकाम सुरू करायचे नाही, हेही लिहा.

वादासाठी पायऱ्या हव्यात, पण एका वेळी एकच दार उघडे असावे. १९६० च्या सिंधू जलकरारात प्रश्न आधी दोन्ही देशांच्या सिंधू आयुक्तांकडे, मग तांत्रिक मतभेद असेल तर तटस्थ तज्ज्ञाकडे आणि तंटा असेल तर लवाद न्यायालयाकडे जातो. भारताच्या किशनगंगा आणि रातले या जलविद्युत प्रकल्पांच्या बाबतीत २०२२ मध्ये शेवटची दोन्ही दारे एकदमच उघडली, आणि मूळ प्रश्नाआधी कुठल्या दाराने जायचे हाच वाद झाला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवला. त्यावरून मसुदा लिहिणाऱ्याने घ्यायचे ते असे: पूर आणि विसर्गाच्या माहितीची देवाणघेवाण वेगळ्या दस्तऐवजात ठेवा, म्हणजे वाटप थांबले तरी पुराचा इशारा थांबणार नाही.

भूजलाला नदीचे नियम चालत नाहीत. तिथे प्रत्येक विहिरीला मीटर लागते आणि पुनर्भरणाचा खर्च वाटावा लागतो. जिनिव्हा आणि शेजारचा फ्रेंच प्रदेश १९७८ पासून हेच करतात.

इशारा

१ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला मध्यरात्रीनंतर आग लागली, विझवण्याचे पाणी विषासकट ऱ्हाइनमध्ये गेले आणि मासे मेले. वार शनिवार होता. आपत्तीची यंत्रणा म्हणूनच सुट्टीच्या रात्री, आधी न कळवता तपासा. संदेशात वेळ, ठिकाण, पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि प्रवाहाचा वेग एवढे पुरते. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर विषाची लाट दिवसाला ८६ किलोमीटर जाते. त्यावरून खालच्या प्रत्येक पाणीपुरवठा केंद्राने पंप कधी बंद करायचे याचा तक्ता आधीच भिंतीवर लावून ठेवा.