गाव वाढतंय? मग जमिनीचा प्लॅन करताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे आणि माती-पाण्याचे नकाशे शेवटी मागवायचे, तेही फक्त फाईलला जोडायला. तोवर लोकांचे पैसे अडकलेले असतात, मग नकाशा काहीही सांगो, कोणी मागे हटत नाही. माती, उतार, पूररेषा, भूजल हे सगळं पहिल्याच मीटिंगला समोर पाहिजे.

नकाशाचं स्केल तर कोणी बघतच नाही. १:५०,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, म्हणजे पेनाच्या रेघेच्या जाडीत एखादं घर सहज बसतं. स्क्रीनवर झूम केलं म्हणून तो जास्त अचूक होत नाही! वाढ कुठल्या दिशेला न्यायची एवढं त्यावरून ठरवा, पण एकेका प्लॉटसाठी जागेवर खड्डा घेऊन माती बघावीच लागते.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" ऐकून लोक निर्धास्त होतात. अहो, त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षं त्या घरात राहिलात तर साधारण २६ टक्के. त्यात वरच्या बाजूला काँक्रीट वाढलं की पाणी मुरायचं कमी होतं, जास्त आणि लवकर खाली येतं, त्यामुळे जुनी पूररेषा तशीच धरून चालू नका.

आता शोषखड्डा. भूजलाची पातळी ऐन उन्हाळ्यात मोजून परवानगी दिली की पावसात पाणी वर येतं आणि सांडपाणी न गाळताच त्यात मिसळतं, शेजारीच विहीर असली तर विचारायलाच नको. चिकण मातीत पाणी तुंबतं, निव्वळ वाळूत ते इतक्या झटकन खाली जातं की नीट गाळलंच जात नाही, म्हणून पातळी पावसाळ्यातली आणि मातीची चाचणी त्याच जागेवरची घ्या.

आणि कागदावर "पडीक" दिसलं की लगेच बांधकामाला द्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. तो माळ कदाचित खालच्या विहिरींचं पाणी मुरायची जागा असतो, आधी तपासा तरी. उलट सपाट, निचऱ्याची, रस्त्यालगतची उत्तम शेतजमीन सोपी म्हणून पहिली जाते, आणि १ सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

चूक आधीच झाली असेल तर निदान ओढ्यांच्या पात्रातल्या नव्या परवानग्या थांबवा, बुजवलेले नाले मोकळे करा, आणि मोठ्या पावसानंतर नकाशा हातात घेऊन गावातल्या जुन्या माणसांबरोबर सगळीकडे फिरा, पाणी कुठे साचतं ते त्यावर लगेच मार्क करा.