सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला सांभाळताना या चुका टाळा

पडवीत आजी नातीला पेज पाजत होती. पोर मांडीवर आडवी, मान मागे कललेली, आणि पातळ पेजेचे चमचे एकामागून एक घशात. मध्येच ठसका लागून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "दर पावसाळ्यात हिची छाती भरते," आई म्हणाली. आपल्याकडची पावसाळी हवा दमट खरीच, पण छाती भरण्याचं कारण पुष्कळदा त्या चमच्यातच असतं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणं. या मुलांचे गिळण्याचे स्नायूही नीट साथ देत नाहीत. पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो, त्यातून न्यूमोनिया होतो. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

मुलाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवा. तुम्ही समोर बसा, उभ्याने वरून भरवू नका. पेजेची शितं घोटून ती दाट करा. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नको, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. त्या मुलीला आम्ही पडवीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या आधाराने बसवलं. वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली, पण ठसका एकदाही लागला नाही.

दुसरी चूक वाट बघण्याची. "ह्येचो बापूस पण उशिरा चललो हुतो," असं म्हणण्यात वर्ष जातं. चार महिन्यांनंतरही मान न धरणं, नऊ महिन्यांना आधाराशिवाय न बसणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. मूल वेळेआधी जन्मलेलं, जन्मल्यावर उशिरा रडलेलं किंवा तीव्र कावीळ झालेलं असेल तर जास्तच लक्ष ठेवा. देवळात गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्याच आठवड्यात दवाखानाही गाठा. 2013 मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत होते. अंगणवाडीत विचारा.

खोबरेल तेलाने हलका हात फिरवा, पण ताठ पाय झटक्याने ओढू नका. झटक्याने स्नायू आणखी आवळतो. थेरपिस्टने दाखवलेला ताण सावकाश द्यायचा असतो. बसता येत नसताना बाळाला चाकांच्या वॉकरमध्ये सोडू नका, चवड्यांवर रेटायची सवय लागते. कडेवर घेताना दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना येऊ द्या. दिवसभरातला हा सगळ्यात सोपा व्यायाम. फिटचं औषध संपलं म्हणून एक दिवसही चुकवू नका.

मेंदूची इजा पुढे वाढत नाही, हे ऐकून काही घरांत स्प्लिंट, म्हणजे हातपाय सरळ ठेवणारे आधार, खुंटीला लागतात. पण हाडं वाढतात, ताठ स्नायू तेवढा लांबत नाही, आणि खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढाच.

सगळ्यात जास्त सलते ती चूक म्हणजे मुलासमोरच "ह्याला काय कळतंय" म्हणणं. बोलता न येणं म्हणजे न कळणं नव्हे. पडवीतली ती मुलगी एक शब्द बोलत नाही. पण आईने एका हातात कुस्करलेल्या केळ्याची आणि दुसऱ्या हातात तांदळाच्या खिरीची वाटी धरली, की तिची नजर खिरीवर जाऊन थांबते, आणि वाटी जवळ येईपर्यंत हलत नाही.