सांगली-जयसिंगपूरच्या चवीचे भडंग घरी कसे करावे

सांगली, मिरज, जयसिंगपूर किंवा कोल्हापूरहून पुण्या-मुंबईकडे निघालेल्या माणसाच्या पिशवीत भडंगाचे पाकीट नसेल, तर पोहोचल्या पोहोचल्या त्याची विचारणा होते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर आज अनेकांना अंबा भडंगामुळे आठवते. सांगलीत गोरे बंधूंचे नाव तितक्याच आपुलकीने घेतले जाते. नृसिंहवाडीला दत्तदर्शनासाठी गेलेली मंडळीही परतताना पेढ्यांबरोबर भडंग बांधून घेतात. गावाकडून आणलेले पाकीट संपल्यावर पुढच्या फेरीपर्यंत थांबायचे नसेल, तर हा पदार्थ घरी उत्तम होतो. मात्र त्याची सुरुवात चुरमुऱ्यांच्या निवडीपासून करावी लागते.

या भागात ज्यांना चुरमुरे म्हणतात, त्यांनाच मुंबईत कुरमुरे आणि विदर्भ-मराठवाड्यात मुरमुरे म्हणतात. नाव कोणतेही असले तरी भेळेसाठी मिळणारा पातळ, हलका चुरमुरा येथे उपयोगाचा नाही, कारण तेल आणि मसाला लागताच तो दबतो. दुकानात ‘भडंगाचे चुरमुरे’ असे स्पष्ट सांगून जाड, टपोरे आणि फुगीर दाणे घ्यावेत. भट्टीत गरम वाळूवर फुलवण्यापूर्वी तांदळाला मिठाचे पाणी लावलेले असते, त्यामुळे चुरमुरे मुळातच खारट असतात. म्हणून ते आधी चाखून पाहावेत आणि मिठाचे प्रमाण त्यानंतरच ठरवावे.

पाव किलो चुरमुऱ्यांसाठी साधारण १०० मिली शेंगतेल, एक वाटी शेंगदाणे, लसणाचे दोन गड्डे, मूठभर कढीपत्ता, मोहरी, हिंग, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा कांदा-लसूण मसाला आणि दोन चमचे पिठीसाखर एवढे साहित्य पुरते. मेतकूट आवडत असेल तर दोन चमचे अवश्य घालावे. त्याने मसाला दाण्याला चांगला धरून राहतो. सुक्या खोबऱ्याचे काप मात्र मला येथे पटत नाहीत, ते चिवड्यातच शोभतात.

चुरमुरे चाळून कडक उन्हात तासभर ठेवावेत, किंवा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, दाणा दोन बोटांत दाबताच त्याचा चुरा होईपर्यंत, परतून घ्यावेत. नंतर तेल तापवून शेंगदाणे खरपूस तळून बाजूला काढावेत आणि त्याच तेलात मोहरी, हिंग व कढीपत्ता घालावा. पाकळ्या सालीसकट ठेचून टाकलेला लसूण ही भडंगाची खरी ओळख आहे. तो मऊ राहिला, तर त्यातले पाणी दुसऱ्या दिवशी सगळा डबा सादळवते, आणि काळपट झाला, तर तेलच कडू होते. म्हणून आच मंद ठेवून, तो सोनेरी आणि कुरकुरीत होईपर्यंत कढईजवळून हलू नये. त्यानंतर गॅस बंद करावा, तेलाचा कडकपणा मिनिटभर ओसरू द्यावा आणि मगच हळद, तिखट व कांदा-लसूण मसाला घालावा, म्हणजे मसाला करपत नाही आणि रंग लालभडक राहतो. आता चुरमुरे, शेंगदाणे आणि मेतकूट घालून, प्रत्येक दाण्याला रंग लागेल असे खालपासून वर हलक्या हाताने कालवावे, आणि कढई पुन्हा अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे ठेवून परतावे. पिठीसाखर आणि लागलेच तर मीठ, भडंग कोमट झाल्यावर घालावे. गरम असताना घातलेली साखर पाघळून चुरमुऱ्यांना चिकटपणा आणते.

पूर्ण गार झाल्याशिवाय भडंग डब्यात भरू नये, कारण आत अडकलेली वाफ त्याला मऊ पाडते. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ते दोन आठवडे सहज कुरकुरीत राहते. पावसाळ्यात सादळलेच, तर कोरड्या कढईत पुन्हा मंद आचेवर परतून घ्यावे.

खाताना बशीत लागेल तेवढेच काढून घ्यावे आणि त्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाचे दोन-चार थेंब घालावेत. कांदा आधी चिरून तयार असावा आणि भडंगात मात्र अगदी शेवटी पडावा, कारण त्यानंतर त्याचा कुरकुरीतपणा जेमतेम पाच मिनिटे टिकतो.