दोन्हीकडे कललेली लाईन: इंजिनीअरिंग ड्रॉईंग दारापाशी उभं राहून कसं शिकावं

'ड्रॉईंगला कल्पनाशक्ती लागते' हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. नौपाड्यातल्या माझ्या घरी दर वर्षी पहिल्या वर्षाची चार-सहा पोरं शीट घेऊन येतात. सगळ्यांना हेच सांगितलेलं असतं, आणि आपल्याकडे ती शक्तीच नाही अशी त्यांनी समजूत करून घेतलेली असते. ड्रॉईंगला लागते एक उघडझाप होणारी वस्तू. ती प्रत्येकाच्या घरात असते.

आधी सोपं उरकू. ड्राफ्टर (काटकोनात पट्ट्या लावलेला, सांध्यांवर हलणारा हात) बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बसवा आणि पट्टी शीटच्या बॉर्डरशी जुळवून मगच स्क्रू आवळा. ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीतून आणलेला ड्राफ्टर दर वेळी तपासा, रबाळ्याला उतरणारी माणसं त्याचे सांधे ढिले करून जातात. कन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे मदतीच्या, रेघा टूएच पेन्सिलने आणि हलक्या हाताने, शेवटची रेघ एचबीने. लेटरिंग सरावाने येतं. एलिप्स, सायक्लॉइड वगैरे कर्व्ह म्हणजे निव्वळ पायऱ्या आहेत, पाळा आणि पुढे चला.

भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी 46 या पुस्तिकेप्रमाणे आपल्याकडे व्ह्यू मांडायची फर्स्ट अँगल पद्धत चालते. टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. अमेरिकन व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात. रात्री ते बघून सकाळी शीट काढणाऱ्यांचा टॉप व्ह्यू वर जाऊन बसतो.

आता खरी अडचण. लाईन एचपीलाही (आडवं प्रतल) कललेली आणि व्हीपीलाही (उभं प्रतल). इथे मी अख्खं सेमिस्टर अडकलो होतो. पायऱ्या पाठ होत्या, पण कंपास कुठल्या लांबीला उघडायचा हे कधीच कळलं नाही. एकदा खऱ्या लांबीनेच आर्क मारला. बी (लाईनच्या टोकाची टॉप व्ह्यूतली जागा) आणि बी डॅश (त्याचीच फ्रंट व्ह्यूतली जागा) एकाखाली एक येईनात, तर मी प्रोजेक्टर, म्हणजे दोन व्ह्यू जोडणारी उभी रेघ, तिरका ओढून दोघांना जोडलं आणि वरून ठळक केलं. सरांनी लाल पेनाने पूर्ण शीटवर एक कर्ण मारला. रेघ म्हणून तो माझ्या लाईनपेक्षा बरा होता. मग मीही सगळ्यांसारखी जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारली: काचेखाली ट्यूबलाईट, काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर माझी. सबमिशन झालं, पेपरात केटी लागली, म्हणजे विषय राहिला.

कळलं ते घरी, बेडरूमच्या दारापाशी. आत, खोलीत उभे राहा, म्हणजे दार तुमच्याकडे उघडेल. ज्या भिंतीत दार आहे ती व्हीपी, जमीन एचपी. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत दारावर एक दोरी चिकटवा. खालचा कोपरा ए, वरचा बी. दार बंद असताना ही दोरी समोरून पूर्ण लांबीची आणि खऱ्या कोनात दिसते, आणि वरून पाहिली तर फक्त दाराच्या रुंदीएवढी.

आता दार हळूहळू उघडा. बीची उंची बदलते का? नाही. वरून दिसणारी लांबी बदलते का? तीही नाही, कारण दाराची रुंदी तेवढीच आहे. फक्त बी जमिनीच्या वर गोल फिरतो. बीची न बदलणारी उंची म्हणजे लोकसची, बीच्या वाटेची, आडवी रेघ, आणि बीचं गोल फिरणं म्हणजे तुमचा आर्क. कंपास उघडायचा तो दाराच्या रुंदीला, दोरीच्या लांबीला नव्हे. समोरून मात्र दोरी आखूड आणि उभट होत जाते, म्हणून दिसणारा कोन अल्फा हा थीटापेक्षा, म्हणजे एचपीशी असलेल्या खऱ्या कोनापेक्षा, मोठाच येतो. तो लहान आला तर शीट तिथेच थांबवा.

व्हीपीच्या कोनासाठी तेच दार मनात आडवं पाडा: बिजागऱ्यांचा दांडा भिंतीला काटकोनात, जमिनीला समांतर. या वेळी भिंतीपासूनचं अंतर कायम राहतं आणि फ्रंट व्ह्यूची लांबी कायम राहते.

मोबाईलचा टॉर्च धरून सावली बघा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टॉर्चचा प्रकाश फाकतो, प्रोजेक्शनच्या रेषा समांतर असतात. सावलीची लांबी मोजायला गेलात की गोंधळ आणखी वाढेल.

आता शीटवर. लाईन 80 मिमी, थीटा 30 अंश, फाय (व्हीपीशी खरा कोन) 45 अंश, ए हा एचपीच्या 20 वर आणि व्हीपीच्या 25 पुढे. एक्सवाय म्हणजे एचपी आणि व्हीपी जिथे मिळतात ती आडवी रेघ. तिच्या 20 वर ए डॅश, त्याच प्रोजेक्टरवर 25 खाली ए. ए डॅशपासून 30 अंशात वर 80ची रेघ काढा, हे बंद दार. तिच्या टोकातून आडवी रेघ म्हणजे बी डॅशचा लोकस, एक्सवायच्या 60 वर. त्याच टोकातून खाली प्रोजेक्टर सोडून एच्या आडव्या रेघेवर आणा. एपासून तिथपर्यंत 69.3 मिळतील, ही दाराची रुंदी. आता एपासून 45 अंशात खाली 80ची रेघ, आणि तिच्या टोकातून बीचा लोकस, एक्सवायच्या 81.6 खाली. ते टोक वर नेऊन ए डॅशच्या आडव्या रेघेवर आणलंत की 56.6 मिळतील.

मग दोन आर्क. ए केंद्र धरून 69.3चा आर्क बीच्या लोकसवर, ए डॅश केंद्र धरून 56.6चा आर्क बी डॅशच्या लोकसवर. दोन्ही छेदबिंदू एकाच प्रोजेक्टरवर, एपासून 40 मिमी बाजूला यायला हवेत. अल्फा 45 अंश, बीटा (टॉप व्ह्यूत दिसणारा कोन) साधारण 54.7 अंश. अर्धा मिमी इकडेतिकडे चालेल. तीन मिमी आलं तर आर्कची चूक शोधा, प्रोजेक्टर वाकवू नका.

ही प्रोजेक्शनची विद्या फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी 18व्या शतकात फ्रान्समध्ये किल्ल्यांच्या आखणीसाठी बसवली, आणि ती काही काळ लष्करी गुपित होती. आपल्याकडच्या काही वर्गांत ती अजून गुपितच आहे.

प्लेन, म्हणजे सपाट आकृती, ही अशाच काही लाईनची. सॉलिडसाठी अंगाच्या साबणातून प्रिझम आणि पिरॅमिड कापा, कडांवर पेनाने नंबर घाला आणि शीटशेजारी ठेवा. आयसोमेट्रिकमध्ये (एकाच चित्रात वस्तूच्या तीन बाजू) प्रश्नात आयसोमेट्रिक स्केल मागितलंय का तेवढं वाचा, मागितलं तर मापं मूळच्या 0.816 पट घ्या. कॉम्प्युटरवरचं ऑटोकॅड नंतर येतं आणि पटकन येतं, फक्त कुठे कुठली रेघ हवी हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं.

सरावाला तीच 80ची लाईन घ्या, थीटा 30 आणि फाय 60. दोन्ही व्ह्यू सरळ उभे, एकाच प्रोजेक्टरवर येतील. चुकलं म्हणून खोडायला घेऊ नका, दार पूर्ण उघडलंय.