आरएस-४८५ : डीई पिन खाली कधी आणायची

आरएस-४८५च्या दोन तारांवर मॉडबस चालवताय. मास्टरकडून, म्हणजे तुमच्या बोर्डकडून, क्वेरी जाते; स्लेव्ह, म्हणजे उत्तर देणारा मीटर, गप्प. पहिल्या नोकरीतले माझे अकरा दिवस यात गेले. ए-बी तारा उलट्या लागल्यात का, टोकाला टर्मिनेशनचा रेझिस्टर आहे का, हे तुम्ही पाहिलंच असेल, ते सोडतो.

बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर आणि मॅक्स४८५ ट्रान्सीव्हर, त्याच्या डीई (वर असताना ड्रायव्हर चालू) आणि आरई (खाली असताना रिसीव्हर चालू) पिना एकत्र जोडलेल्या, ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी. शेवटचा बाइट लिहिला, टीएक्सई फ्लॅग वर आला, की मी डीई खाली आणायचो. चूक इथेच होती. टीएक्सई म्हणजे बाइट गेला असं नाही. डेटा रजिस्टर रिकामं झालं, पुढचा बाइट दे, एवढंच तो सांगतो. शेवटचा बाइट तेव्हा नुकताच शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरलेला असतो आणि त्याचे ११ बिट तारेवर जायला अजून १.१५ मिलिसेकंद लागतात. ड्रायव्हर आधीच बंद झाला, तर सीआरसीचा, म्हणजे चूक पकडायला शेवटी जोडलेल्या तपासणी-अंकाचा, शेवटचा बाइट कापला जातो. सीआरसी चुकली की स्लेव्ह एररही पाठवत नाही, गप्प बसतो. म्हणून दोष मीटरचा वाटत राहतो.

सिनियर म्हणाले, "पाच मिलिसेकंदांचा डिले टाक, चालेल." टेबलावर चाललं, कारण तिथला मीटर निवांत उत्तर द्यायचा. साइटवरचा चपळ निघाला. मॉडबसला लागणारी साडेतीन कॅरेक्टरची शांतता, म्हणजे ४ मिलिसेकंद, संपताच तो बोलायला लागायचा. हॅलच्या (एसटीच्या लायब्ररीच्या) डिलेला पाच सांगितले तर तो पाच ते सहाच्या मध्ये कधीही सुटतो. त्यातून शेवटच्या बाइटचे १.१५ वजा करा. माझा ड्रायव्हर क्वेरी संपल्यावर ३.८५ ते ४.८५ मिलिसेकंदांनी बंद होत होता. म्हणून कधी उत्तर पूर्ण यायचं, कधी पहिला बाइट, म्हणजे स्लेव्हचा पत्ताच, गायब. अशी अधूनमधून येणारी चूक माणसाला फार खचवते. तुमच्याकडे असं होत असेल तर स्वतःला कमी समजू नका.

डिले टाकू नका. कोणीही सांगितलं तरी. टीसी (ट्रान्समिशन कम्प्लीट) फ्लॅगची वाट बघा. शेवटचा स्टॉप बिट बाहेर पडल्यावरच तो वर येतो. त्याचा इंटरप्ट घ्या आणि त्यातच डीई खाली आणा. एव्हीआर चिपवर त्याचं नाव टीएक्ससी. तिथे पोलिंग करत असाल, म्हणजे इंटरप्टऐवजी फ्लॅग स्वतः तपासत असाल, तर पाठवण्याआधी त्यात १ लिहून तो साफ करा, नाहीतर मागच्या वेळचा फ्लॅग तुम्हाला फसवेल. अर्डुइनोवर सिरियलचं फ्लश हेच काम करतं. एसटीएम३२च्या जी० किंवा एल४ मालिकेतली चिप असेल तर डीई हार्डवेअरच सांभाळतं, ते खुशाल वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

लॉजिक अ‍ॅनालायझरचा एक चॅनल टीएक्सवर आणि दुसरा डीईवर लावा. मला मार्गदर्शकांपेक्षा त्या दोन रेघांनी जास्त शिकवलं. एवढं करूनही उत्तराआधी फालतू शून्य बाइट आला तर घाबरू नका: आरई वर असताना मॅक्स४८५ची आरओ (रिसीव्हरच्या आउटपुटची) पिन अधांतरी असते, तिला १० किलोओहमचा पुलअप द्या.