स्वाहिली शिकताना इंग्रजी बाजूला ठेवली तेव्हा

टांझानियातल्या दार-एस-सलामला नोकरीवर रुजू झालो तेव्हा बॅगेत स्वाहिली शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक होतं. रोज रात्री वीस शब्द पाठ करायचे, असा नेम. महिनाभरात पाचशेच्या वर शब्द झाले, आणि कारियाकोच्या बाजारात साधे तांदूळ मागता येईनात. पुस्तकात ‘राइस’समोर ‘वाली’ लिहिलं होतं. वाली म्हणजे शिजलेला भात. दुकानदाराने निमूटपणे समोरच्या खाणावळीकडे बोट दाखवलं. तांदूळ म्हणजे ‘म्चेले’, आणि शेतातलं किंवा तुसासकटचं भात म्हणजे ‘म्पुंगा’. हा फरक आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. मी मात्र मधे इंग्रजी घातल्यामुळे तो घालवून बसलो होतो.

दुसरा धक्का ‘पिगा’ने दिला. पुस्तकातला अर्थ: मारणे, ठोकणे. ऑफिसात एक सहकारी जाताना म्हणाला, “निताकुपिगिया सिमू.” मी घाबरलोच. सिमू म्हणजे फोन. तो बिचारा ‘तुला फोन करीन’ म्हणत होता. इंग्रजी पुस्तकं अशा वाक्यांसाठी ‘विशेष वाक्प्रचार’ म्हणून वेगळी यादी देतात आणि ती पाठ करायला लावतात. आपल्याला कशाला हवी ती? आपणही फोन मारतोच की. ‘पिगा पासी’ म्हणजे इस्त्री मारणे, ‘पिगा रंगी’ म्हणजे रंग मारणे (हा रंग आपलाच), ‘पिगा म्बिझी’ म्हणजे पाण्यात बुडी मारणे. सगळंच जुळतं असं नाही. फोटो आणि मतदानही तिथे ‘मारतात’: पिगा पिचा, पिगा कुरा. पण मारणे या क्रियापदाकडून किती कामं करून घेता येतात, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

तेच ‘निताकुपिगिया’ मी त्या रात्री शब्दकोशात ‘न’खाली शोधत बसलो होतो. मिळणार कसं? नि म्हणजे मी, ता हा भविष्यकाळ, कु म्हणजे तुला, आणि मग पिगा, तेही ‘तुझ्यासाठी’ हा अर्थ आल्यामुळे पिगिया झालेलं. नवख्याने पहिल्या आठवड्यात शब्दांपेक्षा हे सोलणं शिकावं. नामांचंही तसंच. ‘किताबू किकुब्वा किमेपोतेआ’: मोठं पुस्तक हरवलं. अनेकवचनात ‘विताबू विकुब्वा विमेपोतेआ’: मोठी पुस्तकं हरवली. विशेषण आणि क्रियापद नामाबरोबर बदलायची सवय आपल्याला आहेच. फक्त आपण शेपूट बदलतो, ते डोकं बदलतात. गंमत म्हणजे किताबू मुळात अरबी, त्यातलं ‘कि’ उपसर्ग नव्हतंच. पण कानाला तसं वाटलं आणि अनेकवचन विताबू झालं. रस्त्यावरच्या गोल चौकाला ‘किपिलेफ्ती’ म्हणतात, इंग्रजी ‘कीप लेफ्ट’वरून. अनेकवचन? विपिलेफ्ती!

खबर, सफर, तारीख, दुनिया, कलम या शब्दांचे भाऊबंद तिथे हबारी, सफारी, तारेहे, दुनिया, कलामू म्हणून भेटतात. विम्याला बिमा, गाडीला गारी. पेरूला ‘पेरा’ म्हणतात, कारण दोन्हीकडे तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. यादी लांब आहे, पण ती आपोआप जमते, तिच्यावर वेळ घालवू नका.

जपून राहायचं ते नात्यांच्या शब्दांपासून. बाबा म्हणजे बाबाच, त्यामुळे आपण गाफील होतो. पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे बहीण. पुण्याच्या सवयीने मी केळीवाल्या पोराला “दादा, दादा” करत होतो, शेजारची टोमॅटोवाली “काय?” म्हणून उठली आणि अख्खी रांग हसली. वडीलधाऱ्यांना मात्र आधी ‘शिकामोओ’ म्हणावं, म्हणजे मुळात ‘पाय धरतो’. उत्तर येतं ‘मराहाबा’. हे एक जमलं की बाकीच्या चुका लोक पोटात घालतात.

आणि घड्याळ. स्वाहिली दिवस उजाडल्यापासून तास मोजते, म्हणजे सकाळचे सात हा पहिला तास, ‘साआ मोजा’. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. तरी पंखा दुरुस्त करणारा फोनवर “उद्या साआ तातू” म्हणाला तेव्हा मी तातू म्हणजे तीन एवढंच ऐकलं, आणि अर्धी रजा टाकून दुपारी तीनला घरी येऊन बसलो. तो सकाळी नऊला येऊन, दार वाजवून निघून गेला होता. पंखा आणखी चार दिवस बंद.